पात्रातली जवसाची चटणी

आईले जयभीम.

चीवर घेतल्यावर घरच्यांच्या पाया पडता येत नाही, म्हणून हे पत्रच तुह्या पायाशी ठेवलं समज.

माही काळजी करू नको. घाटंजीकडच्या या टेकडीवर आलो तवा आमी तिघीच भिक्खुणी होतो, आता अकरा झालो. नवी खोली बांधली. मोठ्या आर्याजी मलेच पाठ सांगाले लावतात. तुहा गुडघा कसा हाये? शेळी व्याली काय?

आमी सकाळी गावात भिक्षेले जातो. नजर खाली ठेवतो, देणाऱ्याचं तोंड पाहत नाही, पात्रात पडलं ते खातो. काल वेशीपाशी एका माणसानं माह्या पात्रात भाकर अन् चटणीची पुरचुंडी टाकली. मले त्याचे बूटच दिसले.

जेवताना पयल्याच घासाले हात थांबला. जवसाची चटणी, लसूण सालीसकट भाजलेला. अशी तं तूच करतेस.

विक्कीचं घर सोडलं तवा इथला पत्ता मी फक्त तुले सांगतला होता. मारणाऱ्या नवऱ्याले तू आपल्या मनानं पत्ता देणार नाहीस, हे मले मालूम हाये. म्हणूनच भेव लागून राह्यलं.

हे पत्र नेरच्या साधनाताईजवळ देल्लं. तुले डोळ्यानं पाहूनच त्या वापस येतीन.

पुरचुंडीचं फडकं पांढरं होतं, निळ्या काठाचं, टराटरा फाडलेलं. आई, विहारात नेसतेस ते तुह्यं लुगडं धड हाये ना?

इथं मले खेमा म्हणतात. आज मी तुही नलूच.