गाळोबा विहिरीत उतरण्याआधी

मी, प्रणय कडुबा हिवराळे, वय वर्षे एकवीस, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, धंदा सिनेमा (कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, कारण इथं विचारू नये), आज वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, गादी-सोफ्याच्या दुकानात बसून हे मृत्युपत्र लिहितो आहे. कुणाची जबरदस्ती नाय, नशापाणी नाय, डोकं ठिकाणावर आहे.

लिहिण्यास कारण की, उद्या रविवारी भर दुपारी देवगाव रंगारीला सर्जेरावमामांच्या विहिरीत मला उडी मारायची आहे. आमच्या 'गाळोबा' या काळ्या-पांढऱ्या राक्षसपटाचा हा दुसरा भाग. पहिल्या भागाच्या शेवटी गावकरी गाळोबाला पेटवून देतात. मागच्या वर्षी विहाराच्या पटांगणात पडदा लावून दाखवला, तेव्हा पब्लिक ओरडली, "मेला नाय त्यो! मेला नाय!" म्हणून दुसरा भाग. यात तो परत येतो, एका पोरीवर जीव टाकतो आणि शेवटी विहिरीत पडतो. राक्षसाच्या सूटमध्ये मी असणार. आणि मला पोहता येत नाय. गंगापूरला मावशीकडं नदीत पोहायचो, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ती थाप होती.

सबब माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

१. मोबाइल, ज्यावर दोन्ही भागांचं शूटिंग झालं, तो बहीण विशाखाला. आतले फोटो तिनं बघू नयेत. बघितलेच तर आईला दाखवू नयेत.

२. शिलाई मशीन आई गीताबाईचीच आहे, ती तिला परत. सूट शिवताना सुई माझ्याकडून मोडली. आईनं विशाखाला बोल लावला आणि मी गप बसलो. विशाखाची माफी मागतो.

३. गाळोबाचा सूट अण्णांना. तो त्यांच्याच दुकानातल्या गुलाबी स्पंजचा आहे, वरून गेरू फासलाय. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर हसू येतं, काळ्या-पांढऱ्यात मात्र खरा गाळ वाटतो. अंग थलथल हललं पाहिजे म्हणून मी मुद्दाम सगळ्यात मऊ, सगळ्यात जाड स्पंज निवडला. वजन नऊ किलो. हे कोरडं. आज सकाळी उशीएवढा तुकडा बादलीत बुडवून बघितला. त्यानं अर्धी बादली पिऊन टाकली. गादीवाल्याच्या पोराला हे आधी कळू नये? अण्णा तर परवाच म्हणले होते, "लेका, सोफ्याचा स्पंज कुणी पाण्यात नेतं व्हय?" मला वाटलं, चेष्टा करायलेत. विहिरीत सध्या तीस फूट पाणी आहे. मामांनी दगड बांधलेला दोर सोडून दाखवलं, लई खुशीत होते.

४. मित्र अतुल याला काही देत नाही. पहिल्या भागात सूटमध्ये तोच होता. उन्हात चक्कर येऊन पडला आणि मी ओरडलो, "ऊठ बे, सीन संपला नाय!" ही चूक माझी, मान्य. पण विहिरीचा सीन सांगितल्यावर त्यानं सरळ नकार दिला. "डायरेक्टर काठावर बसणार आन् मरायचं मी? वा रे वा." मी त्याला सगळ्यांसमोर भित्रा म्हणलो. "मी जातो आत! दोर बी नको, दोर कॅमेऱ्यात दिसतो." नायिकेचं काम करणाऱ्या ओवीनं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी माझं वाटोळं झालं. आता मागं हटलो तर अतुल वर्षभर हसंल. ओवी हसणार नाय, नुसती बघंल. ते मला सोसणार नाय.

५. कथेची वही, संवाद आणि दुसऱ्या भागाचे सगळे हक्क कु. ओवी देवेश पैठणकर हिला. नायिका तीच आहे.

६. सदर ओवीला असंही कळवण्यात येतं की, दुसऱ्या भागात राक्षसाचा त्या पोरीवर जीव जडतो, ते कथेत आधी नव्हतं. ती पहिल्यांदा वाचनाला आली, त्या रात्री मी ते घातलं. राक्षस तिच्याशी एक शब्द बोलत नाय, कारण काय बोलावं हे मलाच सुचलं नाय. तिच्या घरच्यांना यातलं काही सांगू नये.

७. मी बुडालो तरी सिनेमा पूर्ण करावा. उडीचा शॉट चांगला आला असंल तर ठेवावा. आई नाय म्हणली तर काढावा.

हे मृत्युपत्र मी पूर्ण वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करतो.

प्रणय कडुबा हिवराळे

साक्षीदार पहिली: मी करुणा, वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते, यांच्या वरच्या मजल्यावर राहते. प्रणयने माझ्यासमोर सही केली. मजकूर वाचून दुसऱ्या साक्षीदाराला मीच फोन करून बोलावून घेतलं. तेव्हापासून प्रणय दुकानाच्या मागच्या खोलीत बसून आहे, बाहेर यायला तयार नाही.

साक्षीदार दुसरी: ओवी देवेश पैठणकर. मी सगळं वाचलं. करुणाताई म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष त्यांच्या ऑफिसात घेत नाहीत. म्हणून कलम पाच मी स्वतः खोडलं आणि मग सही केली. कलम सहाला हात लावलेला नाही.

प्रणय, टाळ्या मी दोर नको म्हणालास म्हणून वाजवल्या नव्हत्या. भांडण एकदाचं संपलं म्हणून वाजवल्या.

उद्या सूट रिकामा टाकायचा. आत कडबा भरायचा आणि दोन दगड. वरून पडताना आत कोण आहे, हे कुणाला दिसतं? तुमच्यातल्या एकालाही हे सुचू नये?

अतुलला आत्ता फोन केला, सगळं वाचून दाखवलं. तो हसला नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्याला सांग, पोहता मलाबी येत नाय. तेवढंच सांगायची लाज वाटली व्हती." उद्या तो येतोय. तुम्ही दोघांनी विहिरीपासून दहा पावलं लांब उभं राहायचं.

ठिकाण: उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
शनिवार, दि. ८ नोव्हेंबर २०२५