रंभाजी-बनाबाई नावाचं गणित

नागापूर,
८ फेब्रुवारी १९९८

तीर्थरूप रंभाजीमामांना भाचा भीमराजचा सप्रेम जयभीम. गुडघा कसा आहे? मामी सांगतील तो पाला बांधत जा. (नुसता बांधून शेजाऱ्यांना दाखवत फिरू नका, बसा जरा.)

कॉम्प्युटरच्या कंपनीत तू करतोस तरी काय, असं तुम्ही दिवाळीत विचारलं होतं. तर ऐका. आम्ही साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम लिहितो. बैलगाडी की ट्रॅक्टर, दिवसपाळी की रातपाळी, पावती मराठी की इंग्रजी, असे सगळे मेळ घालून तो तपासायचा तर गळीत हंगाम संपून जाईल. म्हणून थोडक्या चाचण्यांत प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा तरी गाठ घालून देणारे तीन प्रोग्रॅम साहेबांनी मागवले. त्यांतला हुशार कोण, हे ठरवायला तिघांना गणितं घालायची आणि ती मी रचायची. (परीक्षकांचीच परीक्षा म्हणा ना.) माझी पहिली गणितं तिघांनी चहा गार व्हायच्या आत सोडवली. साहेब वैतागले, "आरं, जरा भांडकुदळ गणित आण की! ह्यो असला की त्यो चालत न्हाई, असलं!"

भांडकुदळ म्हटल्यावर मला घरच आठवलं. मी लग्नाची एकच पंगत मांडली. नियम असे: रंभाजी असतील त्या पंगतीला बनाबाई बसत नाही, बनाबाई असेल तिथे रंभाजी मठ्ठा करत नाहीत, आणि दोघांशिवाय लग्न लागत नाही. (सीमाताईच्या लग्नात बनाआत्या मठ्ठ्याला खारट म्हणाली, तेव्हापासूनचं हे. मामा, तो मठ्ठा मुळीच खारट नव्हता.) झालं! एक प्रोग्रॅम अडकून पडला तो हूं की चूं करेना. दुसऱ्यानं तुम्हा दोघांना खुशाल शेजारी बसवलं. त्या बापड्याला आपली माणसं काय ठाऊक? तिसऱ्यानं मात्र बरोबर छापलं, अशी पंगत होणे नाही. साहेब नाचायचेच बाकी होते. आता हे गणित फ्लॉपीवर पुण्याला गेलंय आणि तिथली शिकलेली माणसं एकमेकांना विचारतात, "रंभाजी-बनाबाई सुटलं का?" देवळालीबाहेर तुमचं नाव एवढं गाजलं याचा मला फार आनंद आहे.

मामींना जयभीम.

तुमचाच,
भीमराज

ता. क. पहिले दोन नियम काढले की गणित चुटकीसरशी सुटतं. ऑफिसातल्या वृषालीशी माझं लग्न ठरलंय, वैशाख पौर्णिमेला. आईवडलांमागं तुम्ही आणि आत्यानंच मला वाढवलंत. मला तुम्ही दोघंही हवेत, एकाच पंगतीत. आणि मठ्ठा तुमच्याच हातचा.

आणखी एक. हेच पत्र राहुरीला आत्यालाही टाकलंय. गुडघ्याच्या जागी तिचा दमा घातलाय आणि मठ्ठ्याबद्दलचं मत तेवढं बदललंय. खात्री करायची असेल तर दोन्ही पत्रं ताडून पाहा. पण त्यासाठी आधी शेजारी बसावं लागेल.