घर बीजेला बघावं

१० जुलै, गुरुवार

एका दिवसात तीन बिऱ्हाडं सल्ल्याला! मी रिटायर झाले की मला बढती मिळाली, तेच कळेना. तीस वर्षं अंगणवाडीत पोरं वजनकाट्यावर बसवली, आता त्यांच्या जागी फ्लॅट घेणारे येऊन बसतात. कामोठ्यात नवीन माणूस आला की कोणीतरी त्याला सांगतंच – गावातल्या मैनाकाकूंना विचार, त्या ब्रोकर नाहीत.

आजच्यांना नेहमीचंच सांगितलं. रिक्षावाल्याला सेक्टर सांगू नका, दुकानाचं नाव सांगा. टँकर किती येतात ते ऑफिसातल्या मुलीला नाही, वॉचमनला विचारा. सॅम्पल फ्लॅटमधल्या पलंगावर एकदा आडवे होऊन बघा – तो मुद्दाम आखूड केलेला असतो, म्हणून खोली मोठी वाटते. आणि ‘क्रीक व्ह्यू’ला भुलू नका. तुम्हाला खाडी दिसते म्हणजे खाडीलाही तुम्ही दिसता!

शेवटी आमच्या ह्यांचा सल्ला. हे मिठागरात वाढलेले, खाडीची नस न नस माहीत. म्हणतात, घर बघायला अमावास्येला जावं, भर दुपारी. उधाण असतं, पाणी कुठवर येतं ते आपोआप दिसतं. हा सल्ला मी सगळ्यांना देते आणि एकजणही ऐकत नाही. अमावास्येला घर बघा म्हटलं की लोक असे बघतात, जणू मी लिंबू-मिरची घेऊन बसलेय. सगळे चांगला दिवस बघून जातात. ब्रोकर लोकांना तर अमावास्या म्हणजे सुट्टी.

दुपारी ओटा पुसला. रस्त्याचं पाणी आलं होतं थोडं.

आणि संध्याकाळी प्राचीचा फोन! जावयांना, निनादरावांना, इकडे विमानतळाजवळ नोकरी मिळाली. पुणं सोडून इकडेच राहायला येतायत! समू पाच वर्षांची झाली. गावातल्या प्रत्येक पोराचं वजन मी रजिस्टरात लिहिलं आणि माझ्या स्वतःच्या नातीचं फोटोवरून, अंदाजाने. खूप वाईट वाटायचं ह्याचं, कधी बोलले नाही. आता ती मला रोज दिसली पाहिजे. बस्स.

१३ जुलै, रविवार

आली तिघं. सकाळपासून तीन फ्लॅट बघून झाले. पहिल्याच्या स्वयंपाकघरात वळायला जागा नाही. दुसऱ्याच्या खाली बँडवाल्याचा गाळा. तिसरा मात्र – खाडीकडचा नवा टॉवर, सातवा मजला. बाल्कनीतून आमचं घर दिसतं! प्राचीने तिथून हात केला आणि मी ओट्यावरून ओळखला. चालत पाच मिनिटं. माझ्या माशाच्या कालवणाचा वास तिला घरबसल्या येईल.

निनादराव जेवताना खुशीत. पलंगावर आडवे झाले होते म्हणे, पाय गुडघ्यापासून बाहेर! तरी फ्लॅट आवडला. मला म्हणाले, “आई, तुम्ही इथल्या. तुमचा काय सल्ला?”

मी तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं? “हवा चांगली आहे.”

हवा! हे जेवता जेवता थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि आमटीत मीठ जास्त झाल्यासारखं तोंड करून पुन्हा जेवायला लागले.

१४ जुलै, सोमवार

सकाळी चहाला ह्यांनी एवढंच विचारलं – “सांगितलंस पोरीला?” मी “दूध उतू जातंय” म्हणून आत पळाले. दूध फ्रिजमध्ये होतं.

१६ जुलै, बुधवार

निदान इथे तरी खरं लिहावं. ही डायरी अंगणवाडीच्या जुन्या हजेरीपटात लिहिते, आणि हजेरीपटात मी कधी न आलेल्या पोराची हजेरी लावली नाही.

तो टॉवर उघाडीवर उभा आहे. उघाडी म्हणजे मिठागरात खाडीचं पाणी आत घ्यायचं लाकडी दार. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांना भाकरी घेऊन मी तिथे जायची. मिठागर गेलं, दार गेलं, वर भराव पडला. पाण्याला कोणी कळवलं नाही. ते उधाणाला अजून त्याच वाटेने येतं आणि खालचं पार्किंग भरून जातं. गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मार्चमध्ये अंकिता, ती लॅबमध्ये काम करणारी, तिथेच घेणार होती, तिला मी हात धरून थांबवलं होतं.

आता मात्र माझ्याकडे उत्तरं तयार. सातवा मजला आहे – पाणी काय लिफ्टने जाणार? गाडी बाहेर लावतील. वर्षातून चार-सहा दिवस तर येतं. आमच्याकडे नाही का येत ओट्यावर? आम्ही मेलो का?

१९ जुलै, शनिवार

गिरणीवर अंकिता भेटली. “काकू, प्राचीताई त्याच टॉवरमध्ये घेतायत? मला तर तुम्ही नको म्हणाला होता!” मी म्हटलं, “आता नवीन गटार घातलंय ना.”

कुठलं गटार? कोणी घातलं? इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. ती बिचारी “अरे वा!” म्हणाली. पीठ तिथेच विसरून घरी आले.

२१ जुलै, सोमवार

प्राचीचा फोन. रविवारी टोकन द्यायचं ठरलं. तिची सासू कुरकुरत होती – खाडीजवळ कशाला? तर निनादराव म्हणाले, “आईंनी पास केलंय ना, मग झालं. त्या परक्या माणसाला खोटं सांगत नाहीत, आपल्याला सांगतील का?”

मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. मग तोंड धुतलं, ह्यांच्यासमोर जाऊन बसले, म्हटलं, “कसं सांगू? मीच ‘हवा चांगली’ म्हटलं.”

हे म्हणाले, “तू नको सांगू. पानी सांगंल. बोलव त्यांना गुरुवारी, अमावास्या हाय.”

लावला फोन. विहीणबाईंनी पलीकडून प्राचीच्या हातातून तो काढून घेतला. “अहो, अमावास्येला वास्तू बघायची? भलतंच!” झालं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी बोटांवर मोजलं, शाळेतल्या पोरासारखं. “बे पाऊण दीड. त्यांना सांग, शनिवारी बीज हाय, चांगला दिवस. दीडच्या आधी या म्हनावं. पानी बीजेला तर आजून चढतं.”

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. ह्यांच्या वडिलांनी दिलेली एवढीच इस्टेट शाबूत आहे.

बीज म्हटल्यावर विहीणबाई खूश. स्वतः येणार म्हणाल्या!

२४ जुलै, गुरुवार

दिव्यांची अमावास्या. दिवे घासले, कणकेचे केले.

२६ जुलै, शनिवार

ही तारीख २००५ पासून तशीही पाण्याचीच.

एक वाजता टॉवरच्या पार्किंगमध्ये आम्ही सगळे. बाहेर लख्ख ऊन, दोन दिवस पावसाचा थेंब नाही. विहीणबाई नव्या काठपदरात. ब्रोकरचं चाललेलं – सर, ओपन स्पेस बघा, मॅडम, वेंटिलेशन बघा. हे एका खांबाला टेकून उभे.

सव्वाला वॉचमन रामूने फोनमध्ये बघितलं, बूट काढले, खुर्ची उचलून जिन्यावर ठेवली. मग एकेक स्कूटर ढकलत वरच्या उतारावर नेऊन लावायला लागला. निनादरावांनी विचारलं, “काय झालं?” रामू म्हणाला, “काय नाय सर. टाइम झाला.”

गटाराच्या जाळीतून आधी बुडबुडे आले. मग पाणी. आवाज नाही, घाई नाही – पाहुणा ओळखीच्या घरात यावा तसं आलं. ब्रोकर म्हणाला, “सर, पावसाचं आहे थोडं.” आम्ही सगळ्यांनी एकदम बाहेर बघितलं. निळं आभाळ!

“आजी, खेकडा!” समू ओरडली. खरंच, एक खेकडा निनादरावांच्या गाडीच्या चाकावर चढत होता. दहा मिनिटांत घोट्यावर पाणी. निनादरावांची एक चप्पल ब्रोकरच्या दिशेने निघाली. विहीणबाई साडी धरून तिसऱ्या पायरीवर, म्हणाल्या, “बरं झालं बाई, चांगल्या दिवशी आलो.”

मग मी सांगून टाकलं. सगळ्यांच्या देखत. “मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू जवळ येशील म्हणून बोलले नाही.” प्राचीने माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “चल घरी.”

घरी!

गल्लीच्या तोंडाशीच कळलं. शेजाऱ्यांचे चार-चार मजले झाले, आमचं तेवढं बैठं घर राहिलं – हे म्हणायचे, मना वर चढून काय पतंग उडवायचीय? मी नवरी म्हणून आले तेव्हा ओट्याला चार पायऱ्या होत्या. रस्ता दर दोन-चार वर्षांनी वर येत गेला, पायऱ्या खाली गेल्या. एक उरली होती. आज तीही दिसेना.

हे म्हणाले, “ओट्यावर येतं. आत नाय येत कवा.”

आणि आतून माझा पोह्यांचा डबा तरंगत बाहेर आला.

विहीणबाईंनी वाकून तो उचलला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला.

२७ जुलै, रविवार

पुसतेय. टोकनचा दिवस होता आज.

३ ऑगस्ट, रविवार

प्राचीने खांदा कॉलनीत जागा घेतली. भाड्याने, तिसरा मजला. मला न विचारता! आधी रिक्षा, मग चालणं, मग तीन जिने. बाल्कनीतून काय, दुर्बिणीतूनही दिसणार नाही. खरं सांगून मी काय मिळवलं? नात आठवड्याला एकदाच.

ह्यांना म्हटलं तर म्हणाले, “पाय कोरडे राहतील पोरीचे.” बरोबर आहे. तरी दिवसभर भांडी आपटली.

अंकिताला फोन करून गटाराचं खोटं कबूल केलं. ती हसत सुटली. म्हणाली, “काकू, मी कुठे खरं धरलं? तुम्ही पीठ विसरून गेलात तेव्हाच कळलं.”

१० ऑगस्ट, रविवार

प्राची आली. एकटीच, न सांगता, आणि नेमकी साडेबाराला. मला वाटलं, रक्षाबंधनाचं उरलेलं काही द्यायला आली. ती ओट्यावर बसून राहिली, पाय खाली सोडून. जेव म्हटलं तर “थांब.” एक वाजला. रस्त्यावर पाणी आलं. ओट्याला लागलं. उंबऱ्याशी आलं. मी फडकं घेऊन बसले, हे तांदळाचं पिंप उचलायला लागले. आमचा दोघांचा हात बसलेला आहे त्यात – मी पुसायचं, ह्यांनी उचलायचं. चार वर्षं करतोय. पोरीला कधी सांगितलं नव्हतं.

ती बघत होती. मग म्हणाली, “बाबा, घर कधी बघायचं असतं?”

“उधाणाला,” हे म्हणाले. “बीजेला. का गं?”

“बघितलं मी. दोनदा बघितलं. तुमचं.”

ह्यांच्या हातात पिंप तसंच.

“खांदा कॉलनीत खोल्या तीन आहेत. दोनच हव्या होत्या आम्हाला. तिसरी कशाला घेतली असेल?”

मला राग आला! अख्ख्या कामोठ्याला कुठे राहायचं ते मी सांगते आणि ही मला सांगणार? मग राग कुठे गेला कळलं नाही, रडूच आलं. ह्या घरात मी पस्तीस वर्षं सारवलं, पुसलं, प्राचीला न्हाऊ घातलं. हे घर सोडायचं हे मला सोसवेना. आणि नात रोज दिसेल, ह्याचा आनंदही लपवता येईना. दोन्ही एकदम कसं रडायचं?

ह्यांनी पाण्याकडे बघितलं. म्हणाले, “गनपती हितंच बसंल.”

“बसू दे, बाबा.”

“दर वर्साला.”

“हो.”

“मंग पावसापुरतं बघू,” म्हणाले, आणि पिंप हळूच खाटेवर ठेवलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. खांदा कॉलनी

काल दसऱ्याला आलो. पाऊस तर संपत आला, ते कोणीच बोललं नाही.

सकाळी समूला वजनकाट्यावर उभी केली. साडेसतरा किलो. लिहून ठेवलं.

मग दुधाला खाली उतरले. गेटजवळच्या बाकावर एक गंगाबाई म्हणून बसलेल्या. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, “नवीन ना? या, बसा. दूध कुणाचं घ्यायचं, रिक्षावाल्याला काय सांगायचं, सगळं सांगते.”

मी तोंड उघडलं. मिटलं. त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, “सांगा.”