परातीचा आवाज

लातूर, वेळ अमावस्या, संध्याकाळ

यंदा ह्यांना घेऊन पूजेला-जेवायला चाकूरच्या शेतात जाणं जमणार नव्हतं, म्हणून शेतच घरात आणायचं ठरवलं. भाऊजींनी कडब्याच्या पेंढ्या आणून दिल्या आणि पोरांनी हॉलमध्ये खोप उभी केली. पहाटे उठून भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे केले. थंडी लई आहे, पण आत चौघं दाटीनं बसलो तर ऊब वाटत होती. कशाला एवढा घाट घातला मी? पोरांसाठी की माझ्यासाठीच?

जेवण झाल्यावर सई म्हणाली, "आता पप्पांची परात." दरवर्षी शेतात हे परात वाजवून गाणी म्हणायचे. मीच वाजवून पाहिली. धाकटा म्हणाला, "असं न्हाई, मम्मी." खरंच, भांडी पडल्यासारखं वाजत होतं.

मग सईनं ह्यांच्या उजव्या हातात चमचा ठेवला. लकवा झाल्यापासून तो हात नुसता मांडीवर पडून असतो. चमचा निसटला आणि परातीवर ठणकन वाजला. "पप्पांनी वाजवलं," म्हणत धाकटा टाळ्या पिटायला लागला. सईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलवून "हाव" म्हणाले. का म्हणाले?

हे माझ्याकडेच बघत होते. धाकट्यानं चमचा उचलून परत द्यायला नेला, तर ह्यांनी त्याच उजव्या हाताची मूठ मिटून घेतली.

सहा महिन्यांत ती बोटं आज पहिल्यांदा हलली.