भूक पोटाला, दुःख कुणाला

आई, आज माझ्या अठाईचा सहावा दिवस, आणि मला इतका आनंद झालाय की एका जागी बसवत नाही. हो, मी! चहाला दहा मिनिटं उशीर झाला तर घर डोक्यावर घेणारी तुझी मुलगी पंचावन्नाव्या वर्षी आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहायला निघालीय. तू असतीस तर आधी पोट धरून हसली असतीस.

तुझी अठाई झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. सहाव्या दिवशी तू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली, ओठ सुकलेले. मी विचारलं, "खूप भूक लागली का गं?" तू म्हणालीस, "पोटाला लागलीय. मला नाही." मला ते साफ खोटं वाटलं. तू आता मरणार अशी खात्रीच झाली, म्हणून मी तुझ्या पाण्यात गुपचूप साखर विरघळवली. तू एक घोट घेतलास, माझ्याकडे पाहिलंस आणि भांडं खाली ठेवलंस. "उद्यापासून पाणी मीच उकळेन," एवढंच बोललीस. नवव्या दिवशी पारण्याला पाहुणे जमलेत, मुगाचं पाणी तयार आहे, आणि तू शांतपणे सांगतेस, "आज नाही, उद्या." त्या गोड घोटानं मोडलेला उपासाचा दिवस तू भरून काढत होतीस, ते फक्त मला कळलं. माझ्यापायी तुला एक दिवस जास्त सोसावं लागलं, हे आजवर मनाला खात राहिलं. तू गेलीस तरी बोलले नाही.

आज सकाळी शेजारच्या मैत्रिणीबरोबर पांडवलेण्यावर गेले. ती निवृत्त नर्स, बौद्ध, तिथल्या लेण्यांत बुद्धांना वंदन करायचा तिचा रविवार कधी चुकत नाही. मी भराभर पायऱ्या चढतेय आणि ती लिंबूसरबताची बाटली घेऊन मागून धापा टाकतेय. "अगं बाई, दोन घोट घे ना! देहाला छळून काही मिळत नाही हे कळलं, म्हणून तर बुद्धांनी उपास सोडले." मी म्हटलं, "आणि आमचे महावीर सांगतात, समभावानं सोसलं की कर्म झडतं." जुंपली की आमची! भांडता भांडता वळून पाहिलं, तर तिचे डोळे भरलेले, बाटली तशीच माझ्यापुढे धरलेली. आणि आई, डोक्यात लख्ख उजेड पडला! भूक माझ्या पोटात होती, दुःख तिच्याकडे होतं. "दुःखाचं मूळ आसक्तीत, असं तूच सांगतेस ना?" मी विचारलं. "सांगते. पण तुझ्यावर जीव आहे, त्याला काय करू?" ती फणकारली, आणि आम्ही दोघी पायरीवर बसून हसत सुटलो.

म्हणजे तू खरंच बोलत होतीस! तो जास्तीचा दिवसही तू हसत काढला असशील. होरपळत होते ती मी, दाराआड उभी राहून.

परवा संवत्सरी. सगळ्यांची क्षमा मागायची, म्हणून आधी तुझी मागावी असं ठरवून लिहायला बसले. पण मागवत नाही गं. एवढं सगळं समजूनही, तू आज तशी भिंतीला टेकलेली दिसलीस, तर मी पुन्हा तेच करेन.