उपासनाच्या दीडशे बहिणी

१९ जानेवारी, रविवार

घेतलं तिला! सकाळी सकाळी फोनवर किंचाळली. "आई, आय गॉट इन! आय हॅव सिस्टर्स!" एकुलती एक पोरगी माझी, आणि एका दिवसात दीडशे बहिणी. सोरोरिटी म्हणे — इथल्या अमेरिकन कॉलेजातलं पोरींचं मंडळ, एकेका घरात एकत्र राहणारं. नाव काय, तर तीन ग्रीक अक्षरं. ग्रीक येतं का कोणाला, विचारलं. एकीलाही नाही.

आणि हे घेणं कसं? आठवडाभर पोरींनी नटूनथटून या घरातून त्या घरात जायचं, आतल्या पोरी पाच-पाच मिनिटं गोड गोड बोलणार, आणि पाठ वळली की मार्क देणार. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच की — नुसते पोहे नाहीत! मी नागपुरात असल्या कार्यक्रमाला ट्रे घेऊन यायला साफ नकार दिला होता. अतुलशी लग्न माझं मी ठरवलं. आणि माझी पोरगी हौसेनं जाऊन बसली!

"काँग्रॅच्युलेशन्स" म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

२ फेब्रुवारी

त्यांच्या वेबसाइटवर इतिहास वाचला. १९११. लेसच्या कॉलरीतल्या सात पोरी. कॉलेजात बायकांना कोणी धड बसू देत नव्हतं म्हणून एकत्र आल्या. चला, इथपर्यंत मान्य. शाब्बास. मग स्वतःला बसायला जागा मिळाल्यावर काय केलं? पन्नास-साठ वर्षं एकही काळी मुलगी आत येऊ दिली नाही. त्याबद्दल अख्ख्या पानावर एक ओळ — "आम्ही सतत वाढत आहोत." वाढा बाप्पा, वाढा.

त्यात आणखी 'लेगसी'. आई या घरातली असेल तर मुलीला आधी मान. आजीही असेल तर विचारूच नका. जन्मावरून! घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून अभ्यास केला या पोरीनं. फोनवर सुनावलं तर म्हणते, "आई, नॉट एव्हरीथिंग इज कास्ट." मी म्हटलं, जिथे तू कोणाची हे आधी विचारतात, तिथे तेच असतं. फोन ठेवला तिनं.

विवेकला सांगितलं तर हसत सुटला. त्याला काय जातंय हसायला.

९ फेब्रुवारी

विवेकचं लिहायचं टाळत होते, आज लिहून टाकते. मे महिन्यात आम्ही कोर्टात जाऊन लग्न करणार. विहाराच्या कमिटीत चार वर्षं एकत्र खुर्च्या लावल्या, वाद घातले, आणि आता हे. उपासनाला माहीत नाही. तिच्यासाठी तो विहारातला विवेककाका, तिला ड्रायव्हिंग शिकवणारा.

अतुल गेला तेव्हा ती चौदाची. त्या आठवड्यात माझ्या कुशीत शिरून म्हणाली होती, "आता आपण दोघीच हं, आई." ते कानातून जात नाही. तिला वाटेल, मी शब्द मोडला. मला भीती वाटते तिची. पंचेचाळिशीची बाई, सॉफ्टवेअर टेस्टिंगची अख्खी टीम सांभाळते, आणि पोटच्या पोरीला घाबरते!

१६ फेब्रुवारी

आज सांगणार होते. पण तिला 'बिग' मिळाली होती, ऐकूनच घेईना.

बिग म्हणजे वर्षभरानं मोठी पोरगी, जी आता हिची थोरली. थोरलीची थोरली ती 'ग्रँड-बिग'. भिंतीवर पार १९११पर्यंत वंशावळ टांगलीय! खऱ्या आजीचं नाव विचारा, अडखळेल.

८ मार्च

दीक्षा झाली त्यांची. मी दीक्षा म्हटलं तर रागावली, "इनिशिएशन, आई." पांढरे कपडे, बंद खोली, गुप्त हस्तांदोलन, गुप्त शब्द. आमची दीक्षा भर मैदानात झाली, लाखो लोकांसमोर. यांना दारं लावून घ्यावी लागतात.

"आत काय झालं?" — "कान्ट टेल यू."

आईपासून लपवाछपवी! चांगलं झापलं. म्हटलं, आपल्या घरात एकमेकींपासून काही लपवायची पद्धत नाही. तेवढ्यात मध्येच विवेकचा कॉल यायला लागला. कट केला.

ती मग म्हणाली, "ओके, आई."

२३ मार्च

विवेकशी भांडण. "तू सांगणार आहेस की मे महिन्यात तिला फोटो पाठवणार आहेस?" मी म्हटलं, एवढी घाई आहे तर तूच सांग. तर म्हणे, "मी नाही. तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचं असेल." जसं काही याला विचारून बसलीय ती!

२९ मार्च

मॉम्स वीकेंडचं आमंत्रण. पुढच्या शनिवारी. थीम — गार्डन पार्टी, आयांनी हॅट घालावी. हॅट! माझी डोंबलाची हॅट. निळी साडी नेसणार.

तिथेच सांगते. समोरासमोर. ठरलं.

५ एप्रिल, शनिवार — हॉटेलवर

दोन तास ड्राइव्ह करून गेले. पांढऱ्या खांबांचं घर, हिरवळीवर आयाच आया, एकेकीच्या डोक्यावर परडीएवढी हॅट. एकीनं माझ्या साडीला हात लावून "गॉर्जस" म्हटलं आणि लगेच विचारलं, "आर यू अ लेगसी?" तिची आई इथली, आजी इथली. मी म्हटलं, नाही बाई, आमच्यापासूनच सुरू. तिला वाटलं मी विनोद केला.

दुपारी उपासना मला फिरायला घेऊन गेली. दोघीच. तळ्याकाठी बाकावर बसलो. "आणि आई? घरी काय नवीन?" मी म्हटलं, काही नाही, तेच ते. थोड्या वेळानं पुन्हा — "नथिंग न्यू?" म्हटलं, अगं डिशवॉशर बिघडलाय. काय करू? ओठांपर्यंत आलं होतं. पण बाजूनं पोरी जात होत्या, हात हलवत होत्या. अशा ठिकाणी असलं बोलतात का!

जेवणानंतर कळस. सगळ्या पोरी, सगळ्या आया हॉलमध्ये गोल करून उभ्या. दिवे बंद. कोणाचं लग्न ठरलं की यांची पद्धत अशी — तिनं तोंडानं सांगायचं नाही. फुलं बांधलेली एक पेटती मेणबत्ती हातोहात फिरते, सगळ्या गाणं म्हणतात, आणि जिची बातमी असेल ती मेणबत्ती फुंकते. तोवर कोणालाच माहीत नसतं कोण. उपासना कानात सांगत होती, "आणि आज आयासुद्धा सिस्टर्स. आया पण काउंट होतात, आई."

मी म्हटलं, आम्ही मेणबत्ती लावतो ती उजेडासाठी. आणि बातमी सांगायला देवानं नाही तर निसर्गानं तोंड दिलंय ना? "श्श, आई."

फिरली. पूर्ण गोल झाला, कोणी फुंकली नाही. दुसरा गोल. गाणं पुन्हा पहिल्यापासून. कुजबुज सुरू. उपासनानं माझ्या हातात दिली तेव्हा सोडेचना — माझ्या हातावर हात ठेवून उभी. "नीट धर, आई." डोळ्यांत पाणी. या पोरी कशालाही रडतात! साडीवर मेण गळेल म्हणून मी घाईनं शेजारच्या हॅटवालीकडे सरकवली. तिसरा गोल. तेच. गाण्याचा पार दम गेला होता. शेवटी उपासनाच पुढे झाली, मेणबत्ती घेतली आणि टेबलावर ठेवून दिली, तशीच पेटती. अध्यक्ष पोरीनं दिवे लावले, कसंनुसं हसली, "मेबी नेक्स्ट टाइम!"

एवढा शंभर वर्षांचा थाट आणि ऐनवेळी फज्जा! निघताना मी उपासनाला म्हटलंच — कोण गं ती भित्री? लग्न करायला निघालीय आणि आपल्या माणसांसमोर सांगायची हिंमत नाही, ती कसला संसार करणार? ती म्हणाली, "गुड नाइट, आई." मिठीसुद्धा नाही. बहिणींची बदनामी झोंबली असेल.

विवेकचं राहूनच गेलं. जयंतीला घरी येईल तेव्हा बघू.

६ एप्रिल

सकाळी हॉटेलवर आली. नाश्ता नको म्हणाली, बसलीही नाही. "कँडल तुझी होती, आई. विवेककाकांनी तुमच्या लग्नाबद्दल मला डिसेंबरमध्येच विचारलं होतं. मी लगेच हो म्हटलं. फक्त म्हटलं, ते मला आईच्या तोंडून ऐकू दे."

तीनदा दिली पोरीनं माझ्या हातात.