टेकडीवरचे दोन झोपाळे

तार्तू, १४ जून

प्रिय रैवो,

अकरा वर्षांनी पत्र, आणि तेही कागदावर, म्हणून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत. आपण सगळ्यांनी कॉम्प्युटरवर उभारलेल्या त्या जगात लिहिलं असतं तर ते काल्लेच्या कॉम्प्युटरवरही उमटलं असतं आणि त्यानं कॉफी पीत पीत सगळं वाचलं असतं. एकाचं ते सगळ्यांचं, ही रचना आपणच केली होती ना? भोगा आता.

बातमी त्याच्याकडूनच सुरू होते. काल्ले निवृत्त झाला, तळघर आवरायला घेतलं, आणि बटाट्यांच्या पोत्यांमागे त्याला तो जुना कॉम्प्युटर सापडला, ज्याच्याकडे आपल्या सगळ्यांचे पत्ते असायचे. चालतो का बघावं म्हणून त्यानं तो लावला. तासाभरात त्याचा फोन आला, नमस्कार नाही की चमत्कार नाही. "मेरिके, टेकडीवर दोन झोपाळे कशाला बांधलेत?" मी म्हटलं, चष्मा बदल, एकच आहे. मग त्या जगात जाऊन पाहिलं. खरंच दोन होते, आणि पडद्यावर प्रश्न होता: यातला कोणता ठेवायचा? उत्तर तुझं आणि माझं, दोघांचंही हवं होतं.

रैवो, तुलाही वाटत होतं का, की ते जग तुझ्या एकट्याकडेच उरलंय? मला अगदी तसंच वाटायचं. मधे कुणी मालक नको, मोठं यंत्र नको, प्रत्येकाच्या घरी अख्खं जग, इथे फांदी हलली की तिथेही हलणार, याचा आपल्याला केवढा तोरा होता. त्यात तुझा हट्ट, की जग कपाटात साठवून ठेवायचं नाही. कुणाचा तरी कॉम्प्युटर चालू असेल तोवरच ते असेल. मग बाकीचे एकेक करून पांगले, तू भांडून हीउमा बेटावर निघून गेलास, त्याच हिवाळ्यात काल्लेनं ते पत्त्यांचं यंत्र बंद केलं, तुझा-माझा कॉम्प्युटर एकमेकांना सापडेनासा झाला, आणि टेकडीवर मी एकटी उरले. बंद केलं तर सगळं संपेल या धास्तीनं मी अकरा वर्षं कॉम्प्युटर एकदाही बंद केला नाही. दोनदा घर बदललं, दोन्ही वेळा त्याला बॅटरी जोडून मांडीवर घेऊन गाडीत बसले. आई म्हणायची, हिनं पोटच्या पोरालाही इतकं जपलं नसतं.

आणि भांडण तरी काय, तर एका नियमावरून. जगाचे दोन तुकडे झाले, वेगवेगळे वाढले आणि पुन्हा भेटले, तर खरं कोणाचं? "जग एकच असतं, मेरिके," तू म्हणायचास. "ज्यात शेवटचा बदल झाला ते ठेवायचं, दुसरं पुसायचं." मी म्हणायचे, दोन्ही राहू देत, माणसं समोरासमोर बसून ठरवतील. मला काही टाकवत नाही म्हणून तू मला अडगळीची खोली म्हणालास. मी तुला बेटावरचा ओंडका म्हटलं. मतं घेतली, काल्ले तुझ्या बाजूनं गेला, मी हरले. हरले म्हणून त्या नियमाला मी कधी हात लावला नाही. टेकडीवर झोपाळ्याचे नुसते खांब उभे होते. गावजत्रेतल्या झोपाळ्यासारखी, एकदम बारा जण झुलतील अशी फळी लावायची राहूनच गेली.

पुढच्या वसंतात मी फळी लावली. बारा जणांची नाही, दोघांची. कुणासाठी ते विचारू नकोस. आता बघते तर शेजारी तुझा झोपाळा, आणि त्यालाही दोघांचीच फळी! तुझ्या झोपाळ्याच्या कड्यांना गेल्याच आठवड्यात तेल दिलेलं होतं, म्हणजे शेवटचा बदल तुझा. तुझ्या नियमाप्रमाणे भेटताक्षणी माझा झोपाळा पुसला जायला हवा होता. का पुसला गेला नाही ते कळेना, म्हणून नियम उघडून पाहिला. तू तो बदलला होतास. भांडणानंतर जेमतेम चार महिन्यांनी. खाली टीप होती: "मेरिकेचं बरोबर होतं." अकरा वर्षं हे तुझ्या घरात पडून होतं, मेल्या, आणि मला पत्ता नाही. मी इतकी रडले आणि इतकी हसले की शेजारीण दार वाजवून विचारायला आली.

तो प्रश्न तुझ्याही पडद्यावर आहे. तू अजून उत्तर दिलेलं नाहीस. ओळखते ना तुला, त्याच्याकडे नुसता बघत बसला असशील. मी काल दिलं. माझा काढा, म्हटलं, रैवोचा ठेवा. कारण तुझंही बरोबर होतं. दोघांचे दोन झोपाळे आणि एकेकावर एकटं माणूस, याला काय अर्थ आहे? पुढच्या शनिवारी दुपारच्या बोटीनं मी हीउमाला येतेय. आज सकाळी मी माझा कॉम्प्युटर बंद केला, अकरा वर्षांत पहिल्यांदा. काल्लेच्या खटाऱ्यावर माझा भरवसा नाही, त्यामुळे आपलं जग आता तुझ्या घरी आहे. बटणाला हात लावू नकोस. धुरी दिलेला मासा आणून ठेव, आणि तुझं उत्तर मी समोर येऊन बसले की दे.

शनिवारपर्यंत तुझीच, आणि त्यानंतरही,
मेरिके